नळीपाशी बसायचं नाक

सकाळी डोळे उघडले की माणसं देवाचं नाव घेतात. मी उशी हुंगतो. उशी झाली की चादर, चादर झाली की स्वतःची काख. काखेतूनही काही आलं नाही की कळतं, आजचा दिवसही कालच्यासारखाच. मग मी उठतो आणि घरभर हुंगत फिरतो. चहाचं पातेलं, चपला, कोथिंबिरीची जुडी, शेजाऱ्याची सायकल. बायको म्हणते, "जगमा तू एकलाच मानूस शे, ज्याले काखना वास येत नही म्हणीसन रडू येस."

कोरोनात ताप आला तसा गेला, खोकलाही गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. मास्तरचं नाक गेलं तर काय बिघडतं? शिकवायला तोंड लागतं. तलाठ्याचं गेलं तर उलट बरंच. पण आमचं घर तळोद्याचं, तेलवाल्यांचं. खायच्या तेलाचं नाही, वासाच्या तेलाचं. सातपुड्याच्या उतारावर रोशा नावाचं गवत येतं. पावसाळा सरता सरता त्याचे तुरे तांबूस होतात, तेव्हा ते कापून आणायचं, मोठ्या डेगीत पाण्यावर दाबून भरायचं, झाकण मातीनं लिंपायचं आणि खाली आग लावायची. वाफ नळीतून निघते, नळी थंड पाण्याच्या हौदातून जाते, आणि पलीकडच्या तोंडाला पाण्यावर तरंगत थेंब थेंब तेल येतं. त्याचा वास गुलाबासारखा. निदान मला तसा आठवतो. आता तुम्ही घासलेट दाखवून गुलाब म्हणालात तरी मी मान डोलावीन.

भट्टीवर दोन जागा. एक आगीपाशी, तिथं माझा मोठा भाऊ. दुसरी नळीपाशी, तिथं मी. माझ्या आधी अब्बा बसायचे, पण आता कमरेमुळे त्यांना दिवसभर बसवत नाही. नळीपाशी बसणाऱ्याला काम काहीच नसतं, म्हणून तर ते मला दिलं होतं. शाळेत मला बाकावर बसवलं नाही, बाहेर उभं केलं, तेव्हापासून कुठं बसायला मिळालं की मी खूश. नळीपाशी फक्त नाक उघडं ठेवायचं. डेगीतलं पाणी आटलं आणि गवत तळाला चिकटलं की तेलाच्या आधी जळका वास येतो. तो आला की ओरडायचं, भाऊ आग ओढतो. ओरडायला उशीर झाला की ती सगळी डेग नाल्यात.

नाक गेल्याचं घरात कळलं तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "गवतले तुरे येवालोंग नाक उनं तर ठीक. नही तर तू लाकडं वाहाले. नळीपाशी मी बसस."

त्या दिवसापासून माझ्या बुडाखाली जणू भट्टी लागली. लाकडं वाहायला मी भीत नाही, आळशी आहे एवढंच. पण अब्बांची जागा, त्यांच्या बापाची जागा, तिथून उठवलेला पहिला माणूस मी ठरणार होतो. घराण्यात माझं नाव निघालं असतं तर असं निघालं असतं.

नंदुरबारला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. तरुण बाई. त्यांनी नाकात बॅटरी मारली, आत बघितलं आणि म्हणाल्या, "नाकाला शिकवावं लागेल. चार वास घ्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली थोडा वेळ नाकापासून लांब धरायची, हळू हुंगायचं आणि तो वास आठवायचा. महिने लागतात. कधी येतो, कधी पूर्ण येत नाही."

"आणि तेल कुठलं घेऊ, बाई?"

"चांगलं घ्या. तुमचा धंदा काय?"

"हाच."

बाई हसल्या, मीही हसलो. मग त्या गंभीर झाल्या. "तेलवाले आहात म्हणून आधीच सांगते. नाकात टाकायचं नाही. कातडीला नुसतं लावायचं नाही. प्यायचं तर अजिबात नाही. फक्त हुंगायचं."

मी मान हलवली. माझी मान सगळ्याला हलते.

गुलाबाच्या जागी मी आमचा रोशा घेतला, बाकीच्या बाटल्या दुकानातल्याच. ओट्यावर बसून हुंगायला लागलो. लवंग आठवायची तर मला लवंगेऐवजी लवंग घातलेला पुलाव आठवायचा, पुलावावरून लग्न, लग्नावरून सासरे, आणि मन खराब व्हायचं. दुसऱ्या दिवशीच कंटाळलो. सारखी बाटली उचला, झाकण काढा, झाकण लावा. मला वाटलं, त्यापेक्षा वास नाकाच्या दारातच बसवून ठेवू. लिंबाच्या तेलाचं बोट मिशीखाली फिरवलं आणि अक्कलकुव्याच्या बाजाराला निघून गेलो. बाजारात आमच्या बाटल्यांचं दुकान म्हणजे एक पेटी आणि वर ऊन. दुपारी ओठ चुरचुरायला लागला. घरी आलो तोवर लाल, नंतर फोड, आणि फोड गेल्यावर काळा पट्टा. लिंबाच्या तेलाला ऊन लागलं की कातडी भाजते, हे मला बाईंनी सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांनी "लावू नका" म्हटलं होतं. का ते विचारायला मी थांबलो नव्हतो.

भाऊ म्हणाला, "मिशीना खाले दुसरी मिशी उगनी का रे?"

बायकोनं मात्र दुसराच धडा घेतला. तिची एक दाढ किडलेली. मी तिला लवंगेचं तेल कापसावर देऊन ठेवलं होतं, तेही नुसतंच, आणि तिची हिरडी सोलून निघाली होती. माझी काळी मिशी बघून तिनं तो कापूस चुलीत टाकला. म्हणाली, "आते मी आख्खी लवंग दातखाले धरसू. तुन्हं तेल तूच ठेव." तेव्हापासून तिच्या दाढेत लवंग.

नाक काही येईना. मी सकाळी हुंगायचो, दुपारी हुंगायचो, जेवता जेवता उठून हुंगायचो. माणूस मोबाईलवर मेसेज आला का बघतो तसं. मग एका संध्याकाळी वाटलं, बाटलीचा वास बारीक पडत असेल, वाफारा घेऊ. बायको मागच्या खोलीत भाकरी थापत होती. मी मोठं पातेलं उकळवलं, त्यात निलगिरीचे चार थेंब टाकले. काही नाही. आणखी टाकले. काही नाही. पुदिन्याचा अर्क टाकला, डोळ्यांतून पाणी आलं, पण नाकात काही नाही. मला वाटलं, डोळ्याला कळतंय म्हणजे नाक जवळच आहे, अजून थोडं. बाटली उलटी केली.

खिडकीत आमचं मांजर झोपलं होतं. ते उठलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाहेर गेलं. मांजराला ही तेलं फार वाईट, अंगाला लागून चाटलं गेलं तर विषच, हे मला नंतर कळलं. मांजराला आधीच ठाऊक होतं.

बायको पिठाच्या हातांनी दारात आली. तिला लहानपणापासून दमा. ती खोकायला लागली आणि एका हातानं खिडकीकडे दाखवायला लागली. मला वाटलं, मांजर कुठं गेलं विचारते आहे. म्हटलं, "जाईल कुठं, येईल." तिनं उलथनं फेकलं, ते माझ्या खांद्याला लागलं. तरी मी खुणा वाचत बसलो. मग तिच्या छातीतून शिट्टी ऐकू आली. ती भिंत धरून खाली बसली आणि माझ्या हातातून पातेल्याचं झाकण पडलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. तिला ओढत ओट्यावर आणलं, तिचा पंप सापडेना, सापडला तो माझ्याच पेटीखाली. भावानं रिक्षा आणली. मी अनवाणी बसलो, पातेलं हातात घेऊन. का घेतलं होतं कोण जाणे. दवाखान्यात पोचलो तर कंपाउंडर पेशंटकडे जायच्या ऐवजी माझ्यापासून लांब पळाला, इतका मी घमघमत होतो. डॉक्टर म्हणाले, "हे पातेलं आधी बाहेर ठेवा. आणि तुम्हीही."

मी बाहेर उभा. शाळेसारखाच. आत मशीनची घरघर. मी दाराच्या फटीतून बघायचो, रस्त्यावर जायचो, परत यायचो. बऱ्याच वेळानं आत बोलावलं. तिच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. तो तिनं बाजूला केला आणि पहिलं वाक्य बोलली.

"मी आठेच मरी गयी असती ना, तरी तुले वास उना नसता."

मी हसायला गेलो आणि रडलो. नर्सला वाटलं, निलगिरीमुळे.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं, ते मी आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं तसं ऐकलं. दमेकऱ्याच्या घरात अशी वाफ नाही. रांगत्या लेकरांच्या नाकाशी निलगिरी नाही, कापूर नाही, पुदिना नाही, त्यांचा श्वास कोंडू शकतो. पोटात गेलं तर लहान पोराला झटके येतात, म्हणून बाटल्या हाताला लागतील अशा ठेवायच्या नाहीत. पोटुशी बाई असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. अंगाला लावायचंच तर दुसऱ्या तेलात पातळ करून, आणि आधी हातावर थोडं लावून बघून. शेवटी म्हणाले, "तुम्हाला वास येत नाही. म्हणजे किती झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. तुम्ही तर मोजूनच वापरा."

तेव्हापासून बाटल्या घराबाहेर, वाड्याच्या कोपऱ्यात उंच फळीवर. हुंगायचं ओट्यावर, आणि बायको वाऱ्याच्या कुठल्या बाजूला बसली आहे ते बघून.

धंद्याची मात्र पंचाईत झाली. बाजारात माझी आरोळी ठरलेली होती, "झाडपालानं शे, अपाय काहीच नही!" आता तोंड उघडलं की बायकोच्या छातीतली शिट्टी ऐकू यायची. "झाडपालानं शे" एवढं ओरडून मी गप्प. लोकांना वाटायचं, विसरलो. एक म्हातारी आली.

"निलगिरी दे रे. नातूले सर्दी शे, नाकखाले लावाले."

"कितला मोठा शे, मावशी?"

"रांगस."

"मंग नही देत. दवाखानामा दखाड."

"कसाले? तुन्हा बापनी कधी नही म्हणेल नही. तू डॉक्टर कधी व्हयना?"

"बायकोनी करा, मावशी. उलथनं मारीसन."

भोवतालचे हसले, म्हातारीही हसली. मग गुडघे दाखवायला लागली. तिला रोशाची छोटी बाटली दिली आणि सांगितलं, खोबरेल तेलात मिसळीसन लाव, नुसतं नको. जाताना म्हणाली, "तुन्हा मिशीले काय व्हयनं?" मी म्हटलं, "नुसतं लावं व्हतं."

आणि एका सकाळी चहाला वास आला.

सायकलचा टायर जळावा तसा. घाणेरडा, कडू, डोक्यात जाणारा. मी कप घेऊन ओट्यावर नाचलो. बायको म्हणाली, "टायर जळस आणि तू नाचस?" कांद्यातून टायर, साबणातून टायर, लवंगेच्या बाटलीतून टायर. डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चांगलं लक्षण आहे. नाक जागं होतंय, फक्त वास चुकीचे जुळताहेत. हळूहळू सुधारेल. धीर धरा."

आमच्या दुकानात सगळं मिळतं, धीर मिळत नाही. डोंगरात गवताला तुरे आले होते. गवताचा टेम्पो नाल्याकाठी भट्टीवर खाली झाला. आणि माझ्या नाकात सगळं जग जळत होतं. जळका वास ओळखायच्या जागेवर बसायला याहून वाईट नाक अल्लानं बनवलं नसेल.

डेग भरली त्या सकाळी अब्बांनी मला बोलावलं. भाऊ झाकण लिंपत होता. अब्बांच्या हातात कापसाचे तीन फाये होते, अत्तराचे बोळे असतात तसे, वेगवेगळ्या चिमटीत धरलेले. बाजारात माल पारखायला त्यांनीच मला असं शिकवलं होतं. एक असली, एक भेसळीचा, एक जुना. म्हणाले, "सांग."

पहिला हुंगला. टायर. दुसरा हुंगला. टायर. तिसरा हुंगला. टायर, पण जरा कमी. माझं डोकं धावायला लागलं. टायर कमी म्हणजे माल शुद्ध, हे उघडच होतं. मी डोळे मिटले, पारखी लोक मिटतात तसे, मान हळूच मागं नेली आणि म्हणालो, "अब्बा, तिसरा असली. वा. पहिलामा घासलेट मिसळेल शे. दुसरा गेला सालना, थोडा आंबट पडी ग्या."

भाऊ माती टाकून बघायला लागला. अब्बांनी तिन्ही फाये माझ्या तळहातावर पिळले. "तिन्हीमा विहीरनं पाणी शे," म्हणाले.

भाऊ गवताच्या ढिगावर बसून हसला. हसता हसता आडवा झाला, उठेचना. मीही हसलो, कारण माझ्यावर कुणी हसायला लागलं की मी सगळ्यात मोठ्यानं हसतो, ती माझी सवय आहे. अब्बा हसले नाहीत.

"'काहीच येत नही' इतलं म्हणता, तर तुले बाजूले बसाडी लेतू. नाक नसेल मानूस चाली जाई. नसेल वास सांगणारा चालाव नही."

मग भाऊ नळीपाशी गेला आणि मी लाकडांकडे.

तो हंगाम मी पायांवर काढला. लाकूड फोडा, आणा, आगीत सारा, पुन्हा जा. जाता येता नळीकडे बघायचं नाही असं ठरवायचो आणि बघायचो. भाऊ तिथं डोळे मिटून बसलेला, सुखी म्हशीसारखा. मी हातातला ओंडका हुंगायचो. टायर. माती हुंगायचो. टायर. घाम पुसलेला रुमाल, टायर. आगीपाशी तर खरोखरच धूर होता, आणि तो मला टायरपेक्षा वेगळा वाटायचा नाही. अब्बांचं वाक्य लाकडाबरोबर रोज मी वाहून न्यायचो आणि परत आणायचो. वास येतो म्हणून सांगायची एवढी घाई मला कशाला होती? विचारून बघितलं स्वतःला. उत्तर येण्याआधी पुढचा ओंडका उचलायची वेळ व्हायची.

बाटल्या मात्र सोडल्या नाहीत. सकाळी ओट्यावर बसायचं, लांबून हुंगायचं, आठवायचं. पुलाव, लग्न, सासरे. थंडी पडली. शेवटचं गवत उरलं होतं, जेमतेम एका डेगीचं.

त्या सकाळी बायको शेजारी मेथी निवडत होती. ऊन नुकतंच ओट्यावर आलं होतं. मी लवंगेची बाटली धरली आणि टायरच्या आडून काहीतरी आलं. बारीक, तिखट, गोडसर. कुणी लांबून ओळखीच्या आवाजात हाक मारावी आणि गल्लीत वळून निघून जावं, तसं.

"लवंग!" मी ओरडलो. "उनी! लवंग उनी!"

बायकोनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं.

"पहिले झाकण ते काढ."

झाकण घट्ट बंद होतं.

मला हसायलाही आलं नाही. पुन्हा विहिरीचं पाणी. या वेळी कुणी परीक्षाही घेतली नव्हती, मी एकट्यानंच स्वतःला फसवलं होतं. बाटली खाली ठेवली आणि उठलो, लाकडं तरी फोडावीत म्हणून.

"ए," बायको म्हणाली. "आठे ये." मी वाकलो. तिनं माझ्या तोंडावर जोरात श्वास सोडला आणि मग जीभ बाहेर काढली. जिभेवर चावून मऊ पडलेली लवंग होती.

ती खोखो हसायला लागली. हसता हसता खोकली, मी घाबरून पंपाकडे धावलो, ती म्हणाली, "बठ रे, हासी ऱ्हायनू मी." मी बसलो नाही. मी तिचं तोंड पुन्हा हुंगलं, भर ओट्यावर, गल्लीतून दूधवाला जात असताना. आलं. एकदा आलं, पुन्हा नाही आलं, पुन्हा आलं. टायर, टायर, लवंग.

भट्टीवर पळत गेलो. पायात एक चप्पल माझी आणि एक तिची. भाऊ हौदात पाणी ओतत होता. अब्बा ऊन खात फळीवर बसले होते, नळीच्या बाजूला. त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगायला गेलो की नाक आलं. तोंडापर्यंत ते वाक्य आलं होतं, सजवून, मान मागं नेऊन. गिळलं.

"अब्बा, लवंग उनी. थोडीशी. तीबी येस-जास. बाकी समदं टायरच शे."

भाऊ हौदापासून ओरडला, "आणि विहीरनं पाणी?"

"तेना वास अजून येत नही," मी म्हटलं.

अब्बांनी माझ्या पायांकडे बघितलं, चपलांकडे. मग कण्हत फळीवर थोडे सरकले.

मी बसलो. डेगीखाली आग लागली, भावानंच लावली. नळीतून पहिलं पाणी आलं, मग त्यावर तेलाचे डोळे तरंगायला लागले. अब्बा विचारायचे, "काय येस?" मी सांगायचो, "टायर." थोड्या वेळानं, "आते?" "टायरच." मध्येच ते स्वतः नाक वर करायचे आणि म्हणायचे, "पाणी कमी व्हई ऱ्हायनं, सांग तेले," आणि मी भावाला ओरडायचो. ओरडायचं काम मी झकास करतो.

आयुष्यात एका जागी इतका वेळ मी कधी बसलो नसेन. बूड दुखलं, पाय झोपले, पन्नासदा उठावंसं वाटलं. एकदा, फक्त एकदा, तेलावरून वारा आला तेव्हा गुलाबासारखं काहीतरी हललं असं वाटलं. अब्बांनी तेव्हाच विचारलं, "काय येस?"

"नक्की नही," मी म्हणालो.

सांजेला आग विझेपर्यंत मी एकही नसलेला वास सांगितला नाही. जीभ फार वळवळली.